भाड्याच्या टाळ्या

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी पाठविण्याची रीत आमच्या गल्लीत अजून टिकून आहे. ताट जाते, शेजारच्या घरी ते डब्यांत रिकामे होते आणि पाच मिनिटांत त्यांची धाकटी मुलगी दोन करंज्या घालून ते परत आणून देते. देताना एका दमात म्हणते, "आईने सांगितलंय फराळ खूप छान झालाय." या अभिप्रायाने मी हुरळून जात नाही. पाच मिनिटांत डब्याचे झाकण लागलेले असते, तोंडात कुणाच्या काही गेलेले नसते. मात्र दोन दिवसांनी त्याच घरच्या आजी जिन्यात गाठतात आणि म्हणतात, "चकलीला मोहन अंमळ जास्त झालं होतं का गं? तेलात सुटली असेल." मोहन खरेच जास्त झालेले असते, पहिला घाणा तेलात सुटलेलाही असतो. मला राग यायला हवा, पण येत नाही. आजींनी चकली खाल्ली, नीट चावून खाल्ली, एवढे त्यातून कळलेले असते.

यंदा संपादकांनी मला कथेऐवजी "समीक्षेचे काहीतरी" लिहावयास सांगितले तेव्हा मी प्रथम बिचकले. माझे शिक्षण मॅट्रिकचे. हा शब्द माझ्या वडिलांच्या वेळचा; माझ्या वेळी त्याला एस. एस. सी. म्हणू लागले होते, पण घरात 'पोरगी मॅट्रिक झाली' असेच म्हणत. गेली बावीस वर्षे मी एका बालवाडीत शिकविते आणि मुले झोपली की लिहिते. तीन कादंबऱ्या नावावर आहेत. रसविचार, ध्वनी, आकृतिवाद यांवर मी बोलू लागले तर विद्वान हसतील. पण न खाता दिलेल्या अभिप्रायाविषयी, न वाचता वाजविलेल्या टाळीविषयी चार गोष्टी मला सांगता येतील. कारण त्या टाळ्या मी स्वतः भाड्याने आणल्या होत्या.

झाले असे. तिसरी कादंबरी छापण्यापूर्वी ती प्रकरणाप्रकरणाने मोबाइलवर प्रसिद्ध करावी, असा माझ्या भाच्याने आग्रह धरला. पहिल्या प्रकरणाला सतरा वाचक मिळाले. त्यांतले नऊ माझ्या माहेरचे. दुसऱ्याला चौदा. भाचा म्हणाला, "मावशी, गर्दी असते तिथेच गर्दी जमते. आधी गर्दी आणायला हवी." त्याने आठशे रुपये मागितले, मी दिले. कशाला, हे मी नीट विचारले नाही. नीट न विचारणे ही माणसाची एक सोय असते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन प्रकरणांखाली हजारावर पसंत्या जमल्या होत्या आणि शे-सव्वाशे जणांनी 'अप्रतिम', 'खूपच सुंदर', 'काळजाला भिडलं' असे लिहून ठेवले होते. त्यांतल्या कितीकांची नावे परदेशी होती. ती मराठी कशी वाचत असतील, असा प्रश्न मला पडला. पण चहा पिऊन होईपर्यंत तो मी विसरले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. या टाळ्या वाजविणाऱ्याला बॉट म्हणतात. बॉट म्हणजे माणसाच्या नावाने उघडलेले खाते, पण त्यामागे माणूस नसतो. असते ती एक आज्ञावली. पैसे आले की टाळी वाजवायची, एवढेच तिला शिकविलेले असते. तिला डोळे नाहीत, म्हणून ती दमतही नाही.

या विषयावर जिथून जे मिळेल ते मी मग वाचीत गेले, काही उत्सुकतेने आणि काही अपराधी मनाने. सर्वांत बोलके उदाहरण सापडले ते अमेरिकेतले. २०१६ साली नेड स्कॉट आणि डॅनियल लॅरिमर या दोघा गृहस्थांनी 'स्टीमिट' नावाची एक लेखनाची पेठ सुरू केली. त्यांचा हेतू ऐकला तर कोणत्याही गरीब लेखकाच्या तोंडाला पाणी सुटावे. लेखकाला मानधन मिळेल. पण ते वाचकाच्या खिशातून नाही आणि जाहिरातदाराच्याही नाही. 'स्टीम' नावाचे एक संगणकी नाणे रोज नव्याने पाडले जाई आणि त्यातला मोठा हिस्सा एका सामाईक हंडीत पडे. हंडीतले कुणाच्या पदरात किती घालायचे हे वाचकांच्या मतांवर ठरे. पुढे नियम स्थिरावले तेव्हा लेख प्रसिद्ध झाल्यावर सात दिवसांनी हिशेब होऊ लागला. पाऊण वाटा लेखकाला आणि पाव वाटा मत देणाऱ्यांना. चांगले लेखन आधी हेरणाऱ्या वाचकालाही त्याच्या पारखीचे दोन पैसे मिळावेत, ही कल्पना मला आजही गोड वाटते.

गोम होती ती मताच्या वजनात. आपल्याकडे सहकारी सोसायटीत सभासदाला एकच मत असते, मग त्याचे शेअर दहा असोत की हजार. इथे कारभार कंपनीचा होता. ज्याने जितकी नाणी खात्यात अडकवून ठेवली, तितके त्याचे मत जड. कुणाचे मत गुंजेचे, कुणाचे मणाचे. शिवाय मत देण्याची ताकद वापरली की कमी होई आणि हळूहळू भरून येई. पूर्ण जोराच्या एका मताला दोन टक्के ताकद खर्ची पडे आणि दिवसाकाठी वीस टक्के भरून निघे. म्हणजे दिवसाला पूर्ण जोराची दहा मते, अर्थात दर दोन तास चोवीस मिनिटांनी एक.

हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा बाजार या घड्याळावर चालला. २०१७ नंतर तिथे लिलावाचे बॉट निघाले. एखाद्या बॉटच्या खात्यात मणामणाची ताकद जमवायची आणि ती दर दोन तास चोवीस मिनिटांनी विकायची. लेखकाने बॉटला नाणी धाडावयाची आणि पूर्वी मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहावयास जागा असे, तशा जागेत आपल्या लेखाचा पत्ता लिहावयाचा. फेरी भरली की बॉट आपले जड मत सगळ्या गिऱ्हाइकांत वाटून देई, ज्याने जितके धाडले त्या प्रमाणात. गिऱ्हाईक थोडे असले की धाडल्याहून जास्त हंडीतून मिळे. गर्दी झाली की पदरचे जाई. मग लोक लेख लिहून झाल्यावर शुद्धलेखन तपासण्याऐवजी कोणत्या बॉटच्या फेरीत गर्दी कमी आहे ते तपासू लागले. त्यासाठी तक्ते निघाले आणि हिशेबनीस निघाले.

बॉटकडे एवढी ताकद कुठून आली? ती श्रीमंतांनी भाड्याने दिली. नाणी मालकाच्याच नावावर राहत, फक्त त्यांचे मतदानाचे वजन दुसऱ्याच्या हवाली करता येई. बॉट त्याचे रोजचे भाडे पोहोचते करी. माझ्या मते नासाडी झाली ती इथे. ज्याच्याकडे मणभर वजन आहे त्याने पूर्वी निदान थोडे वाचावे, आवडेल त्याला मत द्यावे आणि पाव वाट्यातला आपला हिस्सा घ्यावा, अशी योजना होती. आता वाचीत बसण्यापेक्षा भाड्याचे पैसे अधिक येऊ लागले. वाचणे तोट्याचे झाले. लेखक बिघडला असे आपण म्हणतो, पण तिथे आधी वाचक उठून गेला होता. त्याने आपली खुर्ची भाड्याने लावली होती.

आणि यात चोरी म्हणावी असे काही नव्हते! सगळ्या देवाणघेवाणीची वही जगापुढे उघडी होती. कुणी कोणत्या बॉटला किती धाडले हे कुणालाही पाहता येई. एवढेच कशाला, बॉट मत देऊन गेला की लेखाखाली आपली चिठ्ठी सोडून जाई. अमक्याच्या कृपेने तुम्हाला माझे इतके टक्के मत मिळाले आहे, तुम्हालाही हवे असल्यास नाणी धाडा, अशा अर्थाची. म्हणजे हारावर फुलवाल्याचे बिल टाचलेले. तरीही 'चलतीचे लेखन' म्हणून जे पहिले पान दाखविले जाई, तिथे हेच बिल टाचलेले हार ओळीने मांडलेले असत आणि त्यांच्याकडे पाहून नवा लेखक समजे की, लोकांना हेच आवडते. आपण समजतो की फसवणूक उघडी पडली की संपते. इथे ती पहिल्या दिवसापासून उघडी होती आणि तरी वर्षानुवर्षे चालली. आकडा मोठा असला की त्याखालची बारीक अक्षरे कुणी वाचीत नाही.

या पेठेच्या संस्थापकांनी आरंभी जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. वाचून मी हसले. ती आपली खेकड्यांची गोष्ट! बादलीला झाकण नाही, तरी खेकडे पळत नाहीत, कारण एक वर चढू लागला की दुसरे त्याचे पाय ओढतात. आपल्याकडे मराठी माणसाला टोचायला हीच गोष्ट सभांतून सांगतात आणि श्रोते स्वतःवरच हसून टाळ्या वाजवितात. त्या अमेरिकनांनी तिच्यात गुण पाहिला. एखादा लबाडीने वर चढू लागला तर इतर त्याला विरुद्ध मते देऊन खाली ओढतील, म्हणून झाकणाची जरुरी नाही, असा त्यांचा अदमास. अदमास चुकला तो मत्सराबद्दल नव्हे, खर्चाबद्दल. विरुद्ध मत द्यायलाही तीच ताकद खर्ची पडे, जिच्यातून एरवी पैसे मिळत. दुसऱ्याचा पाय ओढण्यासाठी स्वतःची मिळकत सोडणारा खेकडा कुठल्या बादलीत सापडणार? ऑगस्ट २०१९ मध्ये नियम बदलले. विरुद्ध मतांसाठी वेगळी ताकद दिली, वाचकाचा वाटा पावावरून अर्ध्यावर आणला; तेव्हा लिलावाचे बरेच बॉट बंद पडले. पण तोवर उशीर झाला होता. २०२० च्या फेब्रुवारीत कंपनी दुसऱ्या धनिकाने विकत घेतली आणि मार्चमध्ये बरेच लोक वेगळे निघून 'हाइव्ह' नावाने त्यांनी दुसरी चूल मांडली. तो तंटा निराळा. त्यात मला रस नाही.

भाड्याची टाळी ही काही संगणकाची करणी नव्हे. रोमचा सम्राट नीरो गात असे. त्याच्या मैफलीसाठी पाच हजारांहून अधिक धट्टीकट्टी पोरे तयार केली होती आणि त्यांना टाळ्यांचे प्रकार शिकविले होते, असे सुएटोनियसने लिहून ठेविले आहे. एका प्रकाराचे नाव मधमाश्यांच्या गुणगुणीवरून पडलेले, दुसऱ्याचे कौलांवरून आणि तिसऱ्याचे विटांवरून. टोळ्यांच्या नायकांना मोठे वेतन असे. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाटकघरांत हा धंदा रीतसर झाला. त्या टोळीला 'क्लाक' म्हणत. तिच्यात कामाची वाटणी असे. काहींनी विनोदाला हसावयाचे, काहींनी 'पुन्हा, पुन्हा' असे ओरडावयाचे, काहींनी शेजारच्या प्रेक्षकाला कोपराने ढोसून 'काय वाक्य आहे!' म्हणावयाचे आणि रडण्यासाठी बहुधा बायका घेतलेल्या असत, हातरुमालासह. मोठ्या झुंबराखालच्या जागेवरून लोक त्यांना थट्टेने झुंबराचे सरदार म्हणत. हे वाचताना आपल्या संगीत नाटकातले 'वन्स मोअर' मला आठवले. त्यातले किती खरे आणि किती फुकट पासावरचे, हे ज्याने नाटकाचा ठेका घेतला असेल त्यालाच विचारावे.

तिथे एक गोष्ट मात्र मला थांबवून गेली. पॅरिसच्या ऑपेरात १८३० नंतरच्या वर्षांत ओग्यूस्त लवास्सर नावाचा या टोळीचा नायक होता. तो नव्या खेळाच्या तालमींना जाऊन बसे, संहिता वाची, आणि कुठे हलकी टाळी, कुठे कडकडाट, कुठे गप्प राहावयाचे हे संचालकाबरोबर बसून ठरवी. मेयरबेअरसारखा नामांकित संगीतकार त्याचे मत विचारी, असे सांगतात. म्हणजे हा भाडोत्री मनुष्य ऐकत होता! कुठला भाग पडेल आणि कुठला तरेल हे त्याला कळत होते, कारण नको तिथे टाळी वाजविली तर खरा प्रेक्षक चिडेल ही त्याला भीती होती. त्याला मी अर्धा समीक्षक म्हणेन, आणि काही पूर्ण समीक्षकांपेक्षा बरा.

याच रांगेत वॉल्ट व्हिटमनलाही उभे करायला हवे, जरी त्याचे नाव इथे घेताना जीभ अडखळते. १८५५ साली 'लीव्हज ऑफ ग्रास' स्वतःच्या हिमतीवर काढल्यावर या थोर कवीने त्यावर निनावी परीक्षणे लिहिली, एक नव्हे, निदान तीन, आणि त्यांत स्वतःची भरपूर स्तुती केली. वागणे वाईटच. पण ते पुस्तक व्हिटमनपेक्षा अधिक बारकाईने कुणी वाचले होते? खोटे होते ते नाव. वाचन खोटे नव्हते. आता दुसरे टोक पाहा. जॉन लॉक नावाचा एक अमेरिकन कादंबरीकार (तत्त्वज्ञ लॉक नव्हे) संगणकी पुस्तकांच्या दहा लाख प्रती खपविल्याबद्दल २०११ मध्ये गाजला. आपण हे कसे साधले, यावर त्याने एक मार्गदर्शक पुस्तकही लिहून विकले. दुसऱ्या वर्षी बाहेर आले की, त्याने सुमारे तीनशे परीक्षणे पैसे देऊन लिहवून घेतली होती. मार्गदर्शक पुस्तकात हा मार्ग तेवढा राहून गेला होता. तरी या तीनशे परीक्षणांमागे पोटासाठी बसलेली माणसे होती आणि एखाद्याने दोनचार पाने तरी उलटली असतील. नीरोच्या पोरांचे कान, लवास्सरची तालीम, व्हिटमनची लेखणी, लॉकचे मजूर, आणि शेवटी बॉट. दर पायरीला वाचन पातळ होत गेले आणि बॉटपाशी पाणीच उरले.

याला एक उत्तर नेहमी दिले जाते आणि माझ्या भाच्यानेही ते दिले. जाहिरात कोण करीत नाही? प्रकाशक करतो, दिवाळी अंक करतात, पुस्तकाच्या मलपृष्ठावर मित्रांचे गोड शब्द असतात, प्रकाशन समारंभाला खुर्च्या भरायला नातेवाईक बोलाविले जातात. हे खरे आहे, आणि उंटाच्या घरच्या लग्नात गाढवाने गाण्याची गोष्ट आपल्या साहित्यवर्तुळांना ठाऊक नाही असेही नाही. पण जाहिरातीच्या तोंडावर 'मी जाहिरात आहे' असे लिहिलेले असते. ती म्हणते, 'घ्या.' भाड्याची टाळी म्हणते, 'मी घेतले, वाचले, मला आवडले.' आणि हा मी कुठेच नसतो. तमाशातली दौलतजादा आठवा. तिच्याविषयी अनेकांनी नाक मुरडले आहे आणि नोट पुढे करणाऱ्याचे डोळे नेहमी कलेवर असतात असे मीही म्हणणार नाही. पण तिथे खूश झालेला मनुष्य स्वतःच्या खिशात हात घालतो आणि त्याचे नाव सर्वांसमक्ष पुकारले जाते. पसंतीला त्याला काहीतरी मोजावे लागते. आपण मात्र व्यवहार उलटा केला. नाचणारीनेच पैसे मोजायचे आणि नाव पुकारायचे ते जन्मालाच न आलेल्या माणसाचे!

सरकारे जागी झाली आहेत. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या संगणकी अभिप्रायांसाठी भारतीय मानक निघाले. ते पाळणे त्या वेळी ऐच्छिक ठेविले होते. अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून खोटी परीक्षणे आणि बॉटचे खोटे अनुयायी यांच्या खरेदीविक्रीवर नियमाने बंदी आली. चांगले झाले. पण हे कायदे ग्राहकाला वाचविण्यासाठी आहेत. साबण घेणाऱ्याचे नुकसान साबणाच्या किमतीएवढे; ते भरून देता येते. लिहिणाऱ्याचे काय जाते हे कायद्याला कसे कळावे? ते मला कळले तेही फार उशिरा.

माझ्या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात नायिका घर सोडते. घरात सर्वपित्रीचे श्राद्ध झालेले आहे, दिवसभर पाने वाढून ती थकली आहे, आणि सगळे झोपल्यावर ती मागच्या दाराने परसात जाते. मी लिहिले होते की, माथ्यावर चंद्र होता आणि त्याच्या उजेडात विहिरीचा कठडा पांढराफटक दिसत होता. हे वाक्य मला फार आवडले होते. मोबाइलवर त्याखाली चारशेबारा जणांनी 'अप्रतिम' वगैरे लिहिले.

पुस्तक छापून झाले. पाचशे प्रती. त्यातली एक मी आमच्या बालवाडीतल्या शिपाईमामांना दिली. ते सावकाश वाचतात, ओठ हलवीत. महिन्याभराने मुलांच्या खाऊची पातेली उचलता उचलता ते म्हणाले, "बाई, पुस्तक ब्येस आहे. पण अवसेला चंद्र कुठनं आणला?"

मी उभ्या जागी थिजले. सर्वपित्री म्हणजे अमावास्या. भाद्रपदातली काळीकुट्ट रात्र. बालवाडीतल्या पोरांना दिवाळीच्या सुट्टीआधी मी दरवर्षी सांगते, लक्ष्मीपूजनाला आकाशात चंद्र नसतो म्हणून आपण पणत्या लावतो. आणि माझ्याच पुस्तकाच्या एकसष्टाव्या पानावर अवसेचा चंद्र माथ्यावर लटकत होता. चारशेबारा टाळ्या पडल्या आणि एकालाही तो दिसला नव्हता. बॉट कधी चूक काढीत नाही, शिपाईमामांनी काढली.

त्या रात्री मी मोबाइल काढून सहाव्या प्रकरणाखालचे सगळे अभिप्राय वाचले. वर्षभरात मी ते वाचले नव्हते. पहिल्या आठवड्यातच मला कळून चुकले होते की, तिथे तेचतेच शब्द फिरत आहेत, आणि मग मी फक्त आकडा पाहू लागले होते. तीनशेच्या पुढे कुठेतरी, दोन 'खूपच सुंदर'च्या मध्ये, या ओळी होत्या:

"ताई, सर्वपित्रीच्या रात्री चंद्र कसा दिसला? आमच्याकडे तेव्हा परसात जायचे तर कंदील लागायचा. बाकी तिचे पान वाढणे अगदी माझ्या थोरल्या जाऊबाईंसारखे."

खाली नऊ दिवसांनी त्याच बाईंचे दुसरे लिहिणे: "उत्तर नाही दिलेत. रागावलात का? पुढचे प्रकरण वाचते आहे."

त्यानंतर त्यांचे काही नाही. सातव्या, आठव्या, शेवटच्या, कुठल्याच प्रकरणाखाली त्यांचे नाव सापडले नाही. पुस्तक छापायला जाण्यापूर्वी चार महिने त्या बाईंनी माझी चूक मला सांगितली होती, कंदिलासकट, आणि मी तिला हजार बॉटांतला एक समजून पुढे गेले होते. आठशे रुपये देऊन मी जी गर्दी आणली, तिने कुणाला फसविले असेल तर एकट्या मला. खऱ्या वाचकाचा आवाज ऐकू येऊ नये, एवढ्यापुरताच तिचा उपयोग झाला. भाच्याला मी दोष देत नाही. त्याने गर्दी आणण्याचे कबूल केले होते आणि गर्दी आणली.

मी त्या बाईंना लिहिले. चुकले म्हणून लिहिले, आभार मानले, पुस्तक धाडायला पत्ता मागितला. सात महिने झाले. उत्तर नाही, आणि तक्रार करायला मला तोंड नाही.

प्रकाशक म्हणतात, दुसरी आवृत्ती निघणे कठीण. निघाली तर एकसष्टावे पान मी बदलून ठेविले आहे. चंद्र काढला तेव्हा वाटले होते की वाक्याचा जीव जाईल. पण चंद्र गेल्यावर त्या मुलीला काहीच दिसेना. ती अनवाणी पुढे सरकते, दोन्ही हात पुढे धरून, आणि विहिरीचा कठडा तिला आधी गार लागतो, मग कळतो. ती बराच वेळ त्यावर तळवे टेकून उभी राहते. मागे घरात कुणीतरी कंदील मोठा करते.